कसब्याच्या मुखातला वरवंटा

जरा खाली वाका, म्हणजे दिसेल. निंबदरीच्या या हौदाला चहूबाजूंनी मुखं आहेत आणि प्रत्येक मुखातून खापरी नळ एकेका पेठेला जातो. हे एकच मुख बंद आहे. त्यात अडकलाय तो मसाला वाटायचा वरवंटा. हात लावा खुशाल, हलत नाही. हे कसबा पेठेचं मुख. गावातली सगळ्यांत जुनी पेठ, आणि तिच्याच नशिबी कोरडा नळ. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

डोंगरातून आलेली नहर या हौदात पडायची आणि कोंडाबाई नावाची विधवा ते पाणी पेठांना वाटायची. काम नवऱ्याचं, त्याच्यामागे तिच्या गळ्यात पडलेलं. राहायची ती कसब्यातच. पुढे बाजार वाढला, साळी आले, रंगारी आले, आणि आमचं मुख मोठं कर म्हणून जो तो तिच्यामागे भुणभुण लावू लागला. एकाला हो म्हणावं तर दुसरा डोळे वटारणार. शेवटी बाईनं पाथरवट बोलावून सगळीच मुखं सारखी रुंद करवली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. पण नहर होती तेवढीच होती. हौदातलं पाणी उतरलं. रंगारी पेठ चढावर, म्हणून तिचं मुख सगळ्यांत वर होतं. ते पार कोरडं पडलं.

तेव्हापासून म्हणे कोंडाबाईचा पाय घरात ठरेना. हौदावर जायची, पाण्यात हात घालून बघायची, परत येऊन चुलीपुढे बसायची, पुन्हा उठायची. एका पेठेनं आपलं मुख बंद करू दिलं तर पाणी वर चढेल, असं तिनं दारोदार विनवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेजारच्या पेठेकडे बोट दाखवलं. तिकडे रंगाऱ्यांनी गाड्यांवर संसार चढवायला घेतला. आपल्या हातून अख्खी पेठ उठतेय, हे तिला सोसेना. ती तरातरा घरात शिरली, हाताला लागला तो वरवंटा उचलला, हौदात उतरली आणि आपल्याच कसब्याच्या मुखात ठोकला. वाहत्या पाण्यात तो असा रुतला म्हणे, की पाथरवटाच्या छिन्नीलाही दाद देईना.

कसबा खवळला. पेठेचे प्रमुख रायाजी शेटे माणसं घेऊन आले. आमची लेकरंबाळं आता काय पिणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता.

कोंडाबाई म्हणाली, "पानी कुटं गेलंय ते ठावं हाय मला. घागरी घ्या अन् माज्यामागं चला. त्यांनी न्हाई दिलं, तर मला ह्याच हौदात ढकला."

बोलून तर गेली आणि रंगाऱ्यांकडे निघालीही, पण दुसऱ्यांच्या मनाची हमी तिनं दिली होती. रंगारी पेठेत नळाला नुकतीच धार लागलेली, आणि तिथं बायकांची नुसती झोंबाझोंबी. कसब्याच्या बायका लांबच उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या दारात पाण्यासाठी उभं राहणं त्यांना माहीतच नव्हतं. कुणी वळून बघेना. कोंडाबाईनं एक रिकामी घागर उचलून पुढे धरली.

धारेखाली हिराई रंगारणीची घागर होती. म्हातारीनं मागं पाहिलं आणि अर्धी भरलेली घागर बाजूला ओढली.

"कसब्याचं आधी भरा," ती म्हणाली. "आमी थांबू. आमाला थांबायची सवय हाय."

कोंडाबाई तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडली, असं सांगतात. तेव्हापासून कुठल्याही पेठेत पाणी भरताना कसब्याची घागर आधी, असा रिवाज पडला.

पुढे नगरपालिकेनं ते मुख मोकळं करायचं ठरवलं, तर कसब्यानंच माणसं परत धाडली. मानासाठी की रांगेत पुढं राहायला, ते त्यांनाच विचारा. हल्ली नव्या वसाहतींतले लोकही बिनदिक्कत कसब्याचं नाव सांगून पुढं घुसतात. खरं-खोटं कुणी विचारायचं नाही, असा इथला दंडक आहे.

आजही उन्हाळ्यात टँकर आला की शिव्यागाळी होते, घागरी आपटतात, एकमेकांची डोकी फुटायची तेवढी बाकी राहतात. पण पाइप सोडण्याआधी कुणीतरी ओरडून विचारतंच, "कसब्याचं कोन हाय का?" कुणी नसलं तरी विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत ती सगळी गर्दी गप्प उभी राहते.