दात कुणाचे?

डोंगरावर माणसाची पायवाट पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात एक रीत होती. ज्याची ढोली फळांनी भरली, त्याने चोचभर फळं पावसाळ्यासाठी सगळ्यांच्या सामाईक ढोलीत द्यायची. म्हाताऱ्यांना मात्र माफी.

हा वाटा गोळा करणारा धनेश पक्षी भुऱ्या शेकरूकडे आला. भुऱ्या म्हणाला, "ही फळं माझी कुठं? तोडतानाच मी ती आबांना देऊन टाकली. त्यांना माफी आहे ना!"

शेजारीच बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या, आंधळ्या आबांनी एक फळ चाचपलं. देठावर दातांच्या खुणा होत्या.

"माझ्या तोंडात दात कुठले, धनेशा? मला दिली ही त्याची माया. पण तोडली त्यानं, वाटाही त्यानंच द्यायचा."

"आबा, तुम्हाला कमी पडू नये म्हणून केलं हो!"

"ठाऊक आहे रे. पण गेल्या पावसाळ्यात तुझा पाय मोडला, तेव्हा आपण दोघं त्या सगळ्यांच्या ढोलीतलंच खाऊन जगलो."

भुऱ्याने धनेशाची चोच भरली. धनेश उडणार, तोच भुऱ्याने त्याला थांबवलं. टणक फळं काढून घेतली आणि त्यांच्या जागी मऊ ठेवली.

"तिथं आणखीही कुणाला दात नसतील," तो म्हणाला.