अध्यक्षांची छत्रछाया

विद्यापीठाच्या सौरऊर्जा केंद्राचा कारभार असा, की संशोधन तरुणांनी करायचं, संचालकांनी ते वर पाठवायचं आणि निर्णय नियामक मंडळाने घ्यायचा. मंडळ म्हणजे अध्यक्ष दादासाहेब निंबकर. बाकीचे सदस्य माना डोलवायला.

दादासाहेबांच्या नावाची भलीमोठी पाटी केंद्राच्या गच्चीवर उभी होती, नेमकी तरुण संशोधक मृण्मयीच्या सोलर पॅनेलांच्या दक्षिणेला. पाटीच्या सावलीने वीज घटायची. पाटी हलवण्याचा विषय मृण्मयीने दोनदा दिला आणि अध्यक्षांनी दोन्हीदा तो विषयपत्रिकेतून उडवला.

वार्षिक बैठकीत दादासाहेब गरजले, "माझ्या छत्रछायेखाली असूनही या पॅनेलांना वीज देता येत नाही? प्रकल्प बंद करा!"

मृण्मयी ताडकन उठली.

"संशोधकांना इथे बोलता येत नाही, बाई," दादासाहेबांनी तिला अडवलं. "तुमच्याकडे फक्त आभारप्रदर्शन."

"तेच करते, दादासाहेब. आमची पॅनेलं आपल्या छत्रछायेबद्दल मनापासून आभारी आहेत. ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत ती त्यांच्यावर असते. उन्हाचे आभार मानायची संधी मात्र त्यांना अजून मिळालेली नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग संचालकही हसले. दादासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर केंद्राच्या गच्चीवर पाटीची काळीभोर सावली पॅनेलांवर ऐसपैस पसरली होती.

"लिहा," ते चिटणिसांना म्हणाले, "पाटी पॅनेलांच्या उत्तरेला न्यावी. प्रकल्प चालू ठेवावा."

"कारण काय लिहू, साहेब?"

दादासाहेबांनी घसा खाकरला. "लिहा, केंद्र आता स्वतःच्या पायावर उभं आहे. त्याला छत्रछायेची गरज उरलेली नाही."