धनेश आणि उंबरातली केंबरे

मुलांनो, ही गोष्ट मी जशी ऐकली तशीच सांगतो आहे, की तिच्यात माझ्याकडचे काही मिसळले आहे, हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. जंगल कोणते, तेही पुसट झाले आहे. पण तिथे एक ओढा होता, ओढ्याकाठी उंबराची दोन झाडे होती, एक वरच्या वळणावर आणि एक खालच्या, आणि त्यांच्या आधाराने एक धनेश आपल्या मादीसह राहत असे. एवढे मात्र नक्की.

धनेश म्हणजे मोठ्या, बाकदार चोचीचा पक्षी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोचीचे टोक बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवते. आत तिच्या पंखांची पिसे गळून पडतात, त्यामुळे मनात आले तरी तिला उडता येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने फळे आणायची आणि फटीतून भरवायची, अशी त्यांची रीत. त्याने आणले तर आतली सगळी जगणार. नाही आणले तर भिंतीआड काय झाले, ते कुणाला कळणारही नाही.

हा धनेश मुळातच काळजी करणारा होता. त्यात गेल्या वर्षी त्यांचे एकुलते पिल्लू ढोलीतच गेले होते. का गेले, ते दोघांनाही समजले नव्हते. पण त्याच्या आदल्याच दिवशी भरवलेल्या उंबरातून दोन-चार केंबरे बाहेर पडताना धनेशाने पाहिली होती. केंबरे म्हणजे उंबराच्या पोटात असतात ते तिळाहून बारीक, पंखांचे किडे. झाले! पिल्लू गेले ते केंबरांमुळेच, असे त्याच्या मनाने घेतले, आणि ते काही केल्या निघेना.

यंदा मादी ढोलीत बसली तेव्हा त्याने फटीला चोच लावून सांगितले, "अगं, या वेळी एकही किडका घास आत येणार नाही. माझा शब्द आहे."

"आधी घास तर येऊ द्या," मादी आतून म्हणाली.

वरच्या उंबराची फळे पिकायला आली होती. त्या उंबराशेजारी एक आंबा होता आणि आंब्यावर तांबड्या मुंग्यांची वस्ती होती, पानाला पान शिवून घरे करणाऱ्या, चावल्या की डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मुंग्यांची. धनेश तिथे गेला आणि जरा लांबच बसला.

"मुंगीताई, उंबरावर पहाऱ्याला याल का? केंबरं फळातून बाहेर पडतात तिथेच धरायची. ढोलीपर्यंत एकही पोचता कामा नये."

पुढची मुंगी म्हणाली, "येऊ की. पण मधे नुसती हवा आहे. आम्ही हवेवरून चालत नाही."

"पूल बांधून दिला तर?"

"मग प्रश्नच मिटला. फळ कुणाचं?"

"फळ माझं, किडे तुमचे."

"सगळे?"

"सगळे. एकही सुटायला नको."

"धनेशभाऊ," मुंगी म्हणाली, "आमच्या हातून आजवर सुटलंय काय?"

धनेशाने एक लांब वेल उपटली. तिचे एक टोक आंब्याच्या फांदीत अडकवले आणि दुसरे उंबराच्या. तो गाठ मारत होता तेव्हा वरच्या फांदीवरून शेकरूमावशी बघत होती. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिचा सारा जन्म त्या उंबरावर गेला होता.

"भाऊ, पाहुणे जिभेला तिखट दिसतायत," ती म्हणाली. "झाडाला विचारलंत का?"

"मावशी, तुमची पोरं मोठी होऊन उड्या मारतायत. माझी अजून अंड्यात आहेत. मला विचारत बसायला वेळ नाही."

"बरं बाई," असे म्हणून शेकरू शेपटी सावरत दुसऱ्या फांदीवर गेली.

मुंग्यांनी शब्द पाळला. फळाफळावर त्या ठाण मांडून बसल्या. फळाला बारीक भोक पाडून केंबरू बाहेर डोकावले, की त्याला तिथल्या तिथे उचलत. धनेशाला इतके समाधान झाले, की आपल्या पायांना त्या कडकडून चावतात याचेही त्याला काही वाटेना. तरीही त्याचे मन खात नाही असे नव्हते. म्हणून तो प्रत्येक फळ फांदीवर ठेवून फोडायचा, आत बघायचा, आणि मगच ढोलीकडे निघायचा. यात अर्धी सकाळ जायची.

एव्हाना ढोलीत अंड्यांतून दोन पिल्ले बाहेर आली होती. एक मोठे, एक धाकटे.

"अहो, फळं अशी पिचलेली का?" मादीने विचारले. "रस सगळा वाटेतच सांडतो."

"तपासून आणतो."

"आम्हाला भूक लागलीय, आणि तुम्ही तपासताय!"

पण फळे स्वच्छ होती, पिल्ले चोची वासत होती, आणि धनेशाला आयुष्यात पहिल्यांदाच शांत झोप लागत होती. वरच्या उंबराचा बहर संपत आला, तेव्हाही तो घाबरला नाही. खालच्या वळणावरचा उंबर हिरव्या फळांनी बुंध्यापासून लगडलेला होता. दर वर्षी असेच चाले. एक झाड रिकामे होई, तोवर दुसरे लाल होऊ लागे.

वरचे शेवटचे फळ संपले. धनेश खालच्या उंबरावर जाऊन बसला आणि लाली चढायची वाट बघू लागला. पहिल्या दिवशी एक हिरवे फळ टपकन ओढ्यात पडले. "वाऱ्याने पडलं असेल," तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, तरी पंधरा-वीस पडली. तिसऱ्या दिवशी झाडाखाली हिरवा सडा होता. धनेशाने एक फळ उचलून पाहिले. दगडासारखे कडक, आणि चवीला निव्वळ तुरट. अजून बसून राहिलो तर एखादे तरी पिकेल, या आशेने तो हलेना, आणि बसलो म्हणून ढोलीत उपास घडतोय, या धास्तीने त्याला बसवेना.

शेवटी तो शेकरूकडे धावला. "मावशी, झाडाला रोग लागला! कच्चंच गळतंय सगळं!"

शेकरूने खाली येऊन एक हिरवे फळ दातांनी मधोमध कापले आणि त्याच्यापुढे धरले. "काय दिसतं?"

"काही नाही. एकही केंबरू नाही. चांगलं आहे की!"

"नीट बघा. हे बारीक बारीक धागे काय आहेत?"

"बिया?"

"बिया व्हायच्या होत्या. ही फुलं आहेत, भाऊ. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ना? दिसेल कसं? ते फळाच्या पोटात असतं. तिथवर ना भुंगा पोचत, ना मधमाशी. फळाच्या टोकाला एक डोळा असतो, त्यातून फक्त केंबरांची मादी आत शिरते. पिकत्या झाडावरून निघते आणि अंगाला परागांची धूळ घेऊन दुसऱ्या झाडाच्या हिरव्या फळात जाते. ती गेली तर फूल फळतं. नाही गेली, तर झाड म्हणतं, या रिकाम्या डोलाऱ्याला पोसू कशाला? आणि टाकून देतं."

धनेश फळाकडे बघतच राहिला.

"डोळा इतका अरुंद असतो," शेकरू हळू आवाजात म्हणाली, "की आत शिरताना तिचे पंख दारातच तुटतात. पुन्हा बाहेर यायची सोयच नाही. ती आतच राहते. बाहेर येतात ती तिची पोरं."

धनेशाने मान वळवून दूरच्या ढोलीकडे पाहिले, लिंपलेल्या भिंतीकडे आणि त्या एवढ्याशा फटीकडे. वरच्या उंबरावरून निघालेली केंबरे मुंग्यांनी टिपली होती, आणि मुंग्यांना वाट त्यानेच बांधून दिली होती.

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वेळ नव्हता," शेकरू म्हणाली. पण लगेच तिलाच वाईट वाटले. "अहो, मलाही कुठे एवढं होईलसं वाटलं होतं? खिंडीपलीकडे एक जुना उंबर आहे. लांब आहे, पण पिकला असेल. निघा आता."

खिंडीपलीकडे जायचे म्हणजे उन्हाच्या झळांतून पाऊण दिवसाची ये-जा. धनेश गेला. झाड खरोखरच पिकले होते, आणि प्रत्येक फळाभोवती केंबरे भिरभिरत होती. ना त्याने फळ फोडले, ना आत पाहिले. घशात मावतील तेवढी फळे भरली आणि धापा टाकत परत आला.

फटीशी चोच नेली तर आतून एकाच पिल्लाचा आवाज आला.

"धाकटं सकाळी गेलं," मादी म्हणाली.

धनेशाने एक फळ पुढे केले. मादीने ते घेतले आणि क्षणभर थांबली. "यात काहीतरी वळवळतंय."

"हो," धनेश म्हणाला. मग फटीला चोच लावून त्याने सगळे सांगून टाकले. मुंग्या, पूल, हिरवा सडा, काहीच लपवले नाही. त्याला वाटले, आता ही फळच घेणार नाही.

"मी इथे भिंतीआड बसते," मादी म्हणाली, "तुम्ही कुठे जाता, काय करता, मला दिसत नाही. तरी तुमच्या चोचीवर भरवसा ठेवते. तेवढाच भरवसा तुम्हाला झाडावर ठेवता आला नाही?"

धनेशाने घशातून आणखी एक फळ चोचीत आणले.

"द्या ते दुसरं. हे मोठं अजून आ वासून बसलंय."

त्या दिवसापासून तो रोज खिंड ओलांडू लागला. मधे एकदा आंब्याजवळून जाताना त्याने पाहिले, तर उंबरावर खायला काही उरले नाही म्हणून मुंग्या ओळीने पुलावरून परत निघाल्या होत्या.

"पुन्हा काही काम निघालं तर कळवा," पुढची मुंगी म्हणाली. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक विरळा."

शेवटची मुंगी आंब्यावर पोचताच धनेशाने वेल तोडून खाली टाकली.

काही आठवड्यांनी भिंत फुटली. मादी बाहेर आली आणि मागोमाग मोठे पिल्लू. हडकुळे होते, पण उडाले. त्यांना उडताना पाहून धनेशाला आनंद झाला खरा, पण तो निवांत बसला नाही. खालच्या उंबराने पुन्हा हिरवी फळे धरली होती, आणि तो रोज उजाडताच तिथे जाऊन एकेका फळाच्या टोकाकडे निरखून बघत बसे. ज्या केंबरांचा काटा काढायला त्याने मुंग्या बोलावल्या, त्यांचीच आता तो वाट बघत होता. खिंडीपलीकडून वारा सुटला, की त्याचा जीव वर-खाली होई. एवढासा जीव, एवढा डोंगर! एक दिवस गेला. दोन गेले. चार गेले की पाच, ते मला आठवत नाही.

मग एका सकाळी मादी त्याला शोधत आली. "अहो, केव्हाची हाका मारतेय. काय बघताय एवढं?"

"हळू बोल," धनेश म्हणाला. त्याच्या चोचीसमोरच्या हिरव्या फळावर एक ठिपका हलत होता. ठिपक्याने फळाचा डोळा शोधला आणि डोके आत खुपसले. अंग आत सरकले. एक पारदर्शक पंख दारातच तुटून राहिला. "हळू. कुणीतरी आत जातंय."

मुलांनो, फळांच्या पोटातली ही हकीकत मला पुष्कळ वर्षे कल्पनाच वाटत होती. पुढे साठी उलटल्यावर मी एका उंबराच्या फांदीला, फळे अगदी लहान असताना, मलमलीची पिशवी बांधून पाहिली. केंबरू शिरणार नाही एवढी घट्ट. झाडावरची बाकीची फळे लाल झाली, पाखरांनी खाल्ली. पिशवी सोडली, तेव्हा तिच्यात सगळी फळे गळून पडलेली होती, हिरवीच.

तात्पर्य : ज्याचे काम आपल्याला माहीत नाही, त्याला निरुपयोगी म्हणू नये, आणि भीतीच्या भरात निसर्गाची साफसफाई करायला तर मुळीच निघू नये.