फाटलेल्या डोंगराखालची सोयरीक

ऐका मंडळी, लहान असा की थोर. फार जुन्या काळातली, एका डोंगराळ परगण्यातली ही गोष्ट.

त्या परगण्याला एक खोड होती. दरडीचं किंवा पुराचं म्हणून ज्या गावाचं नाव होई, तिथं कुणी लेक देत नसे, की तिथली लेक करून घेत नसे. त्यामुळे राणीचा पाहणीदार आला की प्रत्येक गाव छाती फुगवून सांगे, "आमच्याकडे कसलाही धोका नाही!" पाहणीदार पोटभर जेवत, विडा खात आणि तेच राणीला जाऊन सांगत. मग पावसाळ्यात माणसं मरत, आणि सगळे दैवाला बोल लावत. दैव उलटून बोलत नाही, ही मोठीच सोय होती.

एका वर्षी राणीने नवी पाहणीदारीण पाठवली. पायांनी चिवट, जिभेने तिखट. ती डोंगरपायथ्याच्या एका गावात पोचली, त्याच दिवशी तिथल्या पाटलाकडे त्याच्या पोरासाठी सांगून आलेल्या मुलीचा बाप घर बघायला आला होता.

गावावरचा डोंगर मागच्या पावसात फाटला होता. पाटलानेच ती भेग मातीने बुजवून वरून शेणाने सारवून घेतली होती. हौशी मंडळींनी त्यावर रांगोळीही घातली होती.

पाहणीदारीण डोंगरावरून उतरली ती थेट पाटलाच्या ओसरीवर. "पाटील, अंगणात रांगोळी पाहिली, देवळात पाहिली. डोंगरमाथ्यावर आजच पाहिली. स्वागत कुणाचं, दरडीचं?"

लोक फिदीफिदी हसले. पाटील हसला नाही. "बाई, आधी दोन घास खाऊन घ्या."

"घास नंतर. इथं राहायला धोका नाही, असं तुमच्या तोंडाने म्हणा. मी तसंच राणीला कळवते."

होकार पाटलाच्या ओठांवर आला होता. त्याच्या बापाने आणि आज्यानेही तो असाच दिला होता. तेवढ्यात मुलीचा बाप म्हणाला, "पाटील, आमच्या पोरीला वाऱ्याची भारी आवड. ती मागची, डोंगराकडची खोली तिला द्या हं."

पाटलाने त्या खोलीकडे पाहिलं. ती बरोबर भेगेखाली होती. पोरगा बिनलग्नाचा राहील, भावकी शिव्या घालील, हे सगळं त्याला दिसत होतं. पण दुसऱ्याची लेक त्या भिंतीआड निजलेलीही त्याला दिसली.

"डोंगर फाटलाय," तो म्हणाला. "भेग मीच झाकली. या घरात लेक देऊ नका."

"दादा, गावाचं वाटोळं केलंस!" चुलतभाऊ ओरडला.

मुलीचा बाप उठला. आता हा चालता होणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो पाटलाशेजारी जाऊन बसला.

"व्याही, तुम्ही बोललात म्हणून मलाही धीर आला. आमची नदी दर पावसाळ्यात चावडीपर्यंत चढते. लग्न लागेपर्यंत गप्पच राहणार होतो मी."

"मग आता हो?"

"आता काय! घर पठारावर नव्याने बांधता येईल. खरं बोलणारा व्याही कुठून आणू?"

दोन्ही गावांनी मिळून लाकडं वाहिली, भिंती उभ्या केल्या. गाव पठारावर गेलं, नदीकाठची वस्ती टेकडावर चढली. पुढच्या श्रावणात अर्धा डोंगर खाली आला. त्याखाली गाडल्या गेल्या नुसत्या रिकाम्या भिंती.

तेव्हापासून त्या परगण्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असतो, "तुमच्या गावाला धोका कशाचा?" आणि "कशाचाच नाही" म्हणणाऱ्याला कुणी लेक देत नाही.

पक्कं ध्यानात ठेवा: झाकलेल्या धोक्याहून कबूल केलेला धोका नेहमीच कमी जीव घेतो.