घागरीविना आणलेलं पाणी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी, गळ्याची आण. या डोळ्यांनी पाहिली मी. आता, ती घडली तेव्हा माझा आजा पाळण्यात होता, ते सोडा.

एका राज्यात आभाळ कंजूष आणि तळं एकच. तिथली रीत अशी, की राजाच्या पानात भात हवा आणि तोही आपल्याच मातीतला. राजा भात खाई म्हणून प्रजा साळ लावी. ज्वारीच्या रानात साळ उभी राहिली आणि तळं आटत चाललं. तळ्याच्या तळाशी एक जादूगार झोपलेला असे. पाठ उघडी पडली तसा तो जागा झाला.

"माझं पाणी उधळता? तळं कोरडं पडेल त्या दिवशी सगळे मिठाचे व्हाल. पाणी सोडते तिच्यापासून सुरुवात!"

शेतांना पाणी सोडायची येसू पाटकरीण. त्या दिवसापासून ती थांबली की तळव्यांना मीठ चढे, चालली की झडे. बिचारी जेवे चालत, डुलकी काढी तीही चालत.

बांधावरची टिटवी म्हणाली, "घाटाखालच्या ओल्या राज्यातून पाणी आण. घागरीनं नको, पाटानं नको, ढगातून नको."

"मग काय पदरात बांधून आणू?"

"हो," म्हणून टिटवी उडाली.

येसू घाट उतरली. ऐकेल तर ती येसू कसली! घागर भरली, ती सीमेवर ठणठणीत कोरडी झाली. पाट खणला, तो मातीनं गिळला. ढगाला दावं बांधलं, हाती दावंच उरलं.

तिथे चिमाई नावाची म्हातारी चुलीवर ओली कणसं शेकत होती. येसू तिच्या चुलीभोवती फिरू लागली.

"बस की गं, भोवरा गिळलायस का?"

"बसले तर मिठाची होईन. कणसं काळी कशानं?"

"पावसानं. आमच्या राणीला भाकरी लागते, आपल्याच मातीतल्या ज्वारीची. साळ मात्र न सांगता उगवते. गुरं खातात."

"आमच्याकडे साळ तळं पिते."

"इथे आभाळाचं पिते, बाई."

येसू थबकली. घोट्यापर्यंत मीठ चढलं तरी थबकली. मग तिनं पदर पसरला. "घाल साळ! आणि राणीला सांग, आमची ज्वारी न्यायला बैल धाड."

येसूनं घाट चढून त्या साळीचा भात राजाला वाढला. राजा गरजला, "परकी साळ? माझ्या पानात?"

"महाराज, हे त्यांच्या आभाळाचं पाणी आहे. हे खाल, तर आपलं तळ्यात राहील."

राजानं घास घेतला. येसूच्या पायांचं मीठ खळकन गळलं, ते कायमचं. रानात पुन्हा ज्वारी डोलली, घाटानं साळ वर आणि ज्वारी खाली जाऊ लागली. तळं पायरी पायरीनं चढलं. जादूगार कूस बदलून झोपला.

आता कबूल करतो, एक थाप मी पदरची घातली. टिटवी बोलली, ढगाला दावं बांधलं, ते खरंच. पण राजानं घास लगेच घेतला, हे खोटं. तो तीन दिवस रुसून पानावर बसला होता, आणि येसू तीन दिवस त्या पानाभोवती चालत होती.