केरबानं रक्त दिलं

एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गडी होता, केरबा. असा एक गडी प्रत्येक गावात असतोच. ज्या गावात नसतो ते शेजारच्या गावातून मागून आणतं, कारण त्याच्याशिवाय पारावर बोलायचं काय?

केरबा अंगानं धिप्पाड आणि मनानं लोणी. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. खोड म्हणाल तर तीच. कुणी काही शिकवलं की खांद्यावरच्या टॉवेलाला एक गाठ मारायचा आणि म्हणायचा, "ध्यानात ऱ्हायलं." राहायचंही हो. फक्त कुठलं शहाणपण कुठल्या वेळेला, एवढं त्या गाठीत मावायचं नाही.

तर या केरबाचं मन हिंदुराव आबांच्या वैजूवर बसलं. आणि नवल बघा, वैजूचंही त्याच्यावर बसलं. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, खुळं हाय ते!"

वैजू म्हणाली, "असू दे. त्याच्या ओठात एक अन् पोटात एक नसतं."

हे खरंच होतं. दोन गोष्टी एका वेळी ठेवायला केरबाकडं जागाच नव्हती.

हिंदुराव आबा म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं. दरसाल तालमीत रक्तदानाचं शिबिर भरवायचे आणि पहिल्या खाटेवर स्वतः आडवे व्हायचे. केरबा वैजूला मागणी घालायला गेला, तेव्हा आबांनी त्याला वरून खाली न्याहाळलं.

"मी पोर देणार ती चार लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या गड्याला. तू आजवर कुणाच्या उपयोगी पडलास?"

केरबानं विचार केला. पुष्कळ केला. मग म्हणाला, "गुरुजींची म्हस हुडकून दिली की."

"ती तूच सोडली हुतीस!"

"व्हय. म्हणून तर लगेच घावली."

आबांनी कपाळावर हात मारला. "जा. आधी उपयोगी पडून दाखव. मग पोरीचं बघू."

केरबानं ठरवलं, उपयोगी पडायचंच. परवा शिबिर आहे, रक्त देऊन टाकू. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "दान करतोस व्हय? लई पुण्याचं काम. पण दान करावं ते उपाशीपोटी, आंघोळ करून, पूर्वेला तोंड करून."

केरबानं आदल्या दिवसापासूनच कडकडीत उपास धरला. सकाळी थंड पाण्यानं आंघोळ केली, कपाळाला अष्टगंध लावला आणि तालमीत जाऊन खाटेवर पूर्वेकडं तोंड करून ताठ बसला. शहरातल्या रक्तपेढीच्या सुतार सिस्टर सुई घेऊन आल्या. म्हणाल्या, "आडवं व्हा." केरबा म्हणाला, "आडवं झालं की तोंड आढ्याकडं हुतंय. दान पूर्वेला तोंड करून द्यायचं." आणि एवढं बोलून झाल्यावर, रक्ताचा थेंबही न देता, तो धाडकन खाटेखाली पडला.

तोंडावर पाणी मारून सिस्टरांनी त्याला उठवलं. "काय खाल्लंय सकाळपासून?"

"कालपासून कायबी न्हाई."

"अरे देवा! दवाखान्याच्या कामाला कधी उपाशी यायचं नाही. पोटभर खाऊन यायचं. कळलं?"

"ध्यानात ऱ्हायलं," केरबा म्हणाला आणि टॉवेलाला गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात आबांना साखर तपासायला तालुक्याला जायचं होतं. मुलगा संभा पैलवान, तो तालमीतल्या मेहनतीत गुंतलेला. केरबा दारात हजर. "मी नेतो आबा. उपयोगी पडतो."

मोटारसायकल तालुक्याच्या चौकात आली आणि केरबानं ती मिसळीच्या हॉटेलापुढं थांबवली.

आबा म्हणाले, "अरं, डॉक्टरनं उपाशी बोलवलंय."

"छ्या! सुतार सिस्टरांनी मला सोताच्या तोंडानं सांगितलंय, दवाखान्याच्या कामाला उपाशी यायचं न्हाई. पोटभर खाऊन यायचं."

आतून तर्रीचा वास आला. शेजारच्या कढईत जिलेबी टाकायला सुरुवात झाली होती. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "सिस्टर म्हणाल्या म्हणतोस?"

"शपथ."

"मग शिकलेल्या माणसाचं ऐकाय पायजे," आबा म्हणाले आणि केरबाच्याही आधी आत शिरले.

मिसळ झाली. जिलेबी झाली. उरलेला पाक वाया कशाला, म्हणून तोही झाला. मग रक्त दिलं, आणि आकडा बघून डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "यांना आत्ताच्या आत्ता भरती करा!" आबांना खाटेवर घातलं, सलाइन लावलं, घरी निरोप गेला. वैजू रडत रडत एस.टी.नं आली. तेवढ्यात रक्त तपासणाऱ्या माणसाला आबांच्या मिशीत जिलेबीचा तुकडा दिसला.

तो केरबावर असा कडाडला की बाहेरचे पेशंट आत बघायला आले. "तपासणीच्या माणसाला खायला घालतात होय? दवाखान्याच्या कामात खाणं नाही, चहा नाही, पाणी नाही! त्यानं मागितलं, पाया पडला, रडला तरी द्यायचं नाही!"

"ध्यानात ऱ्हायलं," केरबा म्हणाला. दुसरी गाठ.

आबा घरी आल्यावर आठ दिवस त्याचं नाव काढू देईनात. पण वैजूनं लावून धरलं. "त्याचा हेतू वाईट न्हवता. अन् जिलेबी त्यानं काय तुमच्या तोंडात कोंबली न्हवती." या दुसऱ्या मुद्द्यावर आबा मिशी चाचपायला लागले. वर्ष सरलं, पुढचं शिबिर आलं आणि केरबाला साधंच काम दिलं. चहा-बिस्किटांच्या टेबलाशी उभं राहायचं.

पहिले सरपंच आले रक्त देऊन. दंडाला कापूस धरून म्हणाले, "केरबा, चहा दे."

"मिळायचा न्हाई."

"अरं, बिस्किट तरी?"

"मागितलं तरी न्हाई."

मग गुरुजी आले. गुरुजींना चहा म्हणजे प्राण. त्यांनी आधी रागावून बघितलं, मग गोड बोलून, शेवटी म्हशीची जुनी चूक माफ करतो म्हणाले. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण किटलीला त्यानं घट्ट मिठी मारली. "गुरुजी, पाया पडलासा तरी न्हाई. रडलासा तरी न्हाई. तुमच्याच भल्याचं हाय."

अर्ध्या तासात तालमीच्या भिंतीला टेकून सगळं गाव बसलं. सरपंच खुर्चीवरून घसरले. गुरुजी "चहा, चहा" करत डोळे मिटून घेऊ लागले. सुतार सिस्टर धावत आल्या.

"अरे, बघत काय बसलास? अशा वेळी माणसाला आधी उताणं निजवायचं! पाय वर धरायचे! वारा घालायचा! रक्त गेलेल्या माणसाला उभं राहू द्यायचं नाही, तो नको म्हणाला तरी!"

"ध्यानात ऱ्हायलं," म्हणून केरबानं गाठ मारली आणि त्याच टॉवेलानं सरपंचांना वारा घालायला लागला.

मग आली गावची जत्रा. जत्रेत कुस्त्यांचं मैदान, आणि शेवटची मोठी कुस्ती आबांच्या संभाची, सीमेपलीकडच्या एका दांडग्या पैलवानाशी. हलगी कडाडत होती. आबा मानाच्या जागी फेटा बांधून बसले होते. केरबाला त्यांनी पाण्याची बादली दिली होती. बादलीत काय चूक करणार?

संभानं गडी खाली घेतला. त्याच्या पाठीवर बसून घिस्सा डाव टाकला. आता पालटतोय, आता पालटतोय, असं झालं आणि सगळं मैदान उभं राहिलं. तेवढ्यात खालच्या पैलवानाचं कोपर संभाच्या नाकावर बसलं. नाकातून रक्ताची धार लागली. संभाला त्याचं काहीच नव्हतं, पैलवानाला नाक हे फुटण्यासाठीच असतं. पण केरबानं रक्त बघितलं.

तो बादली टाकून आखाड्यात उतरला. संभाला मागून कवळा घातला, उचलला आणि मातीत उताणा निजवला. दोन्ही पाय वर धरले आणि टॉवेलानं वारा घालायला लागला.

"सोड, खुळ्या!" संभा ओरडला.

"नको म्हणालास तरी न्हाई!" केरबा म्हणाला.

पंचांनी वाकून पाहिलं. संभाची पाठ मातीला लागली होती. पंचांनी शिट्टी फुंकली. पाठ कुणी लावली, याबद्दल नियमात काही नव्हतं.

मानाची गदा पलीकडच्या गावाला गेली. आबा आखाड्यात आले. आवाज चढवायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. हात जोडून म्हणाले, "बाबा केरबा, ह्यापुढं कोण पडू दे, झडू दे, मधी हात घालायचा न्हाई. लांब हुबं ऱ्हायाचं अन् टाळ्या वाजवायच्या. तेवढंच जमंल तुला. आणि वैजूचं नाव पुन्हा काढायचं न्हाई."

"ध्यानात ऱ्हायलं," केरबा म्हणाला. आणखी एक गाठ. वैजूचं नाव काढायचं नाही, हे त्याला फार लागलं. घरी जाऊन भाकरीला तोंड लावलं नाही, आणि आई विचारायला लागली तर तिलाही नाव सांगता येईना, कारण काढायचं नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी केरबा आबांच्या गोठ्यावरून चालला होता. आबा वर चढून उडालेला पत्रा ठोकत होते. पाय निसटला आणि आबा धप्पकन खाली आले. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज केरबालाही ऐकू आला.

केरबा थांबला. लांब उभा राहिला. आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला.

"वा आबा! शाब्बास आबा! वा!"

"अरं मेल्या, उचल मला!"

"मधी हात घालायचा न्हाई," केरबा म्हणाला. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, पण टाळ्या थांबल्या नाहीत.

टाळ्या ऐकून वैजू घरातून बाहेर आली. बापाला बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. पण केरबाशी कसं बोलायचं, हे गावात तिला एकटीला ठाऊक होतं. "केरबा, टाळ्या बास. आता हात घाल. पाय हलवू नको, फळीवर घे."

केरबानं डोळे पुसले, फळी आणली, आबांना अलगद तिच्यावर घेतलं आणि संभाच्या मदतीनं गाडीत घातलं.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, रक्त बरंच गेलंय. आणि आबांच्या गटाचं रक्त रक्तपेढीत शिल्लक नव्हतं. संभाचं जुळेना, वैजूचं जुळेना. आजवर गावाचं एवढं रक्त गोळा करून देणारे आबा पांढरेफटक पडले होते आणि वैजू भिंतीला डोकं टेकून देवाचं नाव घेत होती.

"माझं बघा की," केरबा म्हणाला.

रक्तपेढीतून आलेल्या सुतार सिस्टरांनी त्याला ओळखलं आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. पण वेळच तशी होती. बोटाला सुई टोचली, गट तपासला. जुळला!

या वेळी सगळं बरोबर झालं हो. वैजूनं शेजारी बसून एकेक गोष्ट सांगितली. आता भाकरी खा. आता आडवा हो. आता मूठ उघड-मीट कर. केरबानं सगळं केलं. पिशवी भरली, तपासण्या झाल्या, रक्त आबांना चढलं, ऑपरेशन झालं आणि आबा वाचले.

संभाला भरून आलं. गदेचं दुःख विसरून तो घरी गेला आणि घरच्या तुपाचा डबा घेऊन आला. केरबाच्या हातात देतोय तोच सुतार सिस्टर कडाडल्या.

"ठेव तो डबा खाली! केरबा, रक्ताच्या बदल्यात काही घ्यायचं नसतं. तूप नाही, शाल नाही, नारळ नाही. घरातली कितीही मोलाची वस्तू देऊ केली, गळ घातली, हात धरले, तरी हात जोडून नको म्हणायचं. रक्त देणाऱ्याचा मोठेपणा तोच."

"ध्यानात ऱ्हायलं," केरबा म्हणाला. टॉवेलाला एवढ्या गाठी झाल्या होत्या की ही मारायला त्याला दात लावावे लागले.

चार दिवसांनी आबा उशीला टेकून बसले. त्यांनी केरबाला बोलावलं. संभा पायथ्याशी होता. वैजू दाराशी जेवणाचा डबा घेऊन उभी होती.

"केरबा, मी तुला काय काय बोललो लेका. आज तुझं रक्त माझ्या अंगात खेळतंय. माझ्या घरात सगळ्यात मोलाचं जे हाय, ते आज मी तुला देतो. माझी वैजू तुला दिली."

वैजूचा चेहरा लाजून लाल झाला. संभा हसला. विचारपूस करायला आलेल्या सुतार सिस्टरांनी पदरानं डोळे टिपले.

केरबा एक पाऊल मागं सरकला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"नको आबा."

आबांनी मान उचलली.

"अरं, पोरगी देतोय तुला माझी!" आबा ओरडले.

"कितीबी मोलाचं असू दे."

"केरबा, गळ घालतो लेका!"

"गळ घातली तरी न्हाई."

संभानं पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले. केरबानं ते हळूच सोडवले आणि पुन्हा जोडले. "हात धरले तरी न्हाई."

आबांनी उशीवर मान टाकली. केरबा ताठ मानेनं बाहेर आला. दाराशी वैजू डबा छातीशी धरून तशीच उभी होती. केरबानं इकडं तिकडं बघितलं, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू आता काय काळजी करू नको. एवढं रक्त दिलंय मी त्यांना, अन् बदल्यात कायबी घेतलं न्हाई. आता बघ, आबा आपणहून माझ्यासाठी तुझं नाव काढत्यात की न्हाई!"