बाटलीबाईंचा तोरा

खूप पावसाळ्यांपूर्वी शेवंताकाकूंच्या ओसरीवर डास पकडायला एक कापलेली बाटली टांगलेली होती. तिच्यातल्या आंबलेल्या गूळपाण्याला भुलून डास आत शिरत आणि अडकत. काकू तिचं कौतुक करत, अन् बाटली फुगून जाई.

एकदा बेडूक म्हणाला, "बाटलीबाई, परसातल्या टायरात पाणी साचलंय, डास तिथेच निपजतात. काकूंना सांगा की!"

"सांगेन, पण मग मला कोण विचारणार?"

"म्हणजे डास तुमचेच पाहुणे म्हणायचे!" बेडूक हसला.

बाटलीला राग आला. पण तेवढ्यात डास चावून काकूंची तान्ही नात रडू लागली, तशी बाटलीला राहवेना. ती ओरडली, "काकू, आधी तो टायर रिकामा करा!"

काकूंनी लगेच केला.

काही दिवसांनी बेडकाने विचारलं, "आज किती सापडले?"

"एकही नाही!" बाटली म्हणाली, आणि तेही अगदी तोऱ्यात.